यंदाच्या देखाव्यात एक पाटीही असू द्या

आपल्या पेठेतल्या आणि पुण्यातल्या इतरही गणेश मंडळांचे अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, आणि वर्गणीच्या पावत्यांपासून मांडवाचे वासे उतरवण्यापर्यंत ज्यांच्या अंगावर सगळं पडतं ते कार्यकर्ते,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात मंडळाची दोन मुलं जिवंत देखाव्याची संहिता घेऊन माझ्याकडे आली होती. विषय 'महासत्तांची शस्त्रस्पर्धा आणि भारत'. 'काका, तुम्ही दारूगोळ्यात होतात, एकदा नजर घाला,' म्हणाली. मी चहा पाजला, कागद ठेवून घेतले, दोन दिवसांत सांगतो म्हटलं. त्याला आता आठ दिवस झाले. तोंडी सांगितलं तर तुम्ही 'हो काका, बरोबर काका' म्हणाल आणि ठरलंय तेच कराल, हा अनुभव आहे. म्हणून लिहून देतोय. उघड लिहितोय, कारण धूर सोडणारं क्षेपणास्त्र यंदा आपल्या एकट्याच्याच मांडवात असेल असं मला वाटत नाही.

संहिता अकरा मिनिटांची आहे. सुरुवातीला हिरोशिमा, लाल दिवा, रडण्याचे आवाज. मग अमेरिका आणि रशिया झालेले दोघे कोट घालून एकमेकांवर ओरडतात आणि त्यांच्या मागे पुठ्ठ्याची रॉकेटं मोठी मोठी होत जातात. (थर्माकोल नाही वापरलात, त्याबद्दल शाबासकी.) मग चीन येतो. शेवटी मधोमध चौदा फुटी भारतीय क्षेपणास्त्र वर सरकतं, निवेदक गरजतो, बाप्पावर प्रकाशझोत. टाळ्या पडणार यात शंका नाही.

अभिमानाला माझी हरकत नाही, हे आधीच सांगतो. मे १९९८ मध्ये पोखरणची बातमी आली तेव्हा आमच्या कँटीनमध्ये पेढे वाटले गेले आणि त्यातले दोन मीही खाल्ले. हे शहरच दारूगोळ्याचं आहे. खडकीचा कारखाना १८६९ चा, म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवापेक्षाही जुना. पिनाक रॉकेटामागे पाषाण भागातल्या प्रयोगशाळांची डोकी आहेत. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी खडकी, देहूरोड, दिघी नाहीतर पाषाणला नोकरी केलेलं आहे. माझी हरकत वेगळी आहे. तुमच्या अकरा मिनिटांत कुणीही, कुठेही, एकदाही थांबत नाही. दारूच्या जवळ ज्याने आयुष्य काढलं त्याला पहिल्या दिवसापासून थांबायचंच शिकवतात. आणि त्या दोन कोटवाल्यांनीसुद्धा मध्ये काही वर्षं ते शिकून घेतलं होतं.

मी ज्या कारखान्यात होतो त्याचं नाव लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. आत शिरताना काडीपेटी, विडी, किल्ल्या, नाणी फाटकावर. कपड्यांना खिसे नाहीत. बुटांना खिळे नाहीत. दारात तांब्याची पट्टी, तिला हात लावूनच पुढे, म्हणजे अंगात साठलेली वीज जमिनीत जाते. हातोडी पितळेची, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. शेडच्या भोवती मातीचे उंच बांध, त्यांवर गवत. नवीन माणसाला ते बघून बागेत आल्यासारखं वाटे. एक शेड उडाली तर धक्का वर जावा, शेजारच्या शेडला पोचू नये, म्हणून ते बांध. एकीच्या स्फोटाने दुसरीही उडते, त्याला आमच्या पुस्तकात 'सिंपथेटिक' म्हणत. आमचे एक सुपरवायझर म्हणायचे, 'इथे शेजाऱ्याबद्दल सहानुभूती वाटून घ्यायची नाही.'

आणि प्रत्येक शेडच्या दाराशेजारी एक पाटी. तिच्यावर दोनच आकडे. या खोलीत एका वेळी दारू किती किलो, आणि माणसं किती. बस्स. पुण्यात पाट्यांना तोटा नाही, पण इतकी कमी शब्दांची आणि इतकी निक्षून पाळली जाणारी पाटी मी दुसरी पाहिली नाही. मार्चअखेरीला वरून घाई असायची, ट्रक दारात उभा असायचा, साहेब घड्याळ बघायचे. तरी चौघांच्या खोलीत पाचवा शिरला की आतल्या चौघांचे हात थांबायचे. कुणी ओरडायचं नाही. पाचवा बाहेर गेला की काम परत चालू. त्या पाटीमुळे आमचं उत्पादन कमी झालं असं कधी कुणी म्हणालं नाही. तिच्यामुळे मी साठाव्या वर्षी निवृत्त होऊ शकलो, २०१३ साली, दहाही बोटांसकट.

आता तुमची गोष्ट. २०१४ सालची. तुमच्यातले बरेच तेव्हा शाळेत होते, पण थोरले आठवतील. आपल्याकडे मिरवणुकीला स्पीकरचे आठ बॉक्स असायचे. कुणीतरी बातमी आणली की पलीकडच्या आळीने सांगलीहून चोवीस बॉक्सची भिंत मागवलीय. रात्रीत वर्गणीबाहेरचे पैसे उभे केले आणि आपण तीस आणले. विसर्जनाच्या दिवशी बघितलं तर त्यांच्याकडे दहाच होते. चोवीसची नुसती आवई. पण आपले तीस त्यांनी डोळ्यांनी बघितले ना! पुढच्या वर्षी त्यांनी चाळीस आणले. माझ्या कपाटाची काच तडकली, पहिल्या मजल्यावरच्या आजींना मुलाने तीन दिवस खडकवासल्याला नेऊन ठेवलं, आणि दोन्हीकडचे कार्यकर्ते छातीवर हात ठेवून सांगत होते की सुरुवात त्यांनी केली.

हे तुमच्या संहितेत जसंच्या तसं बसतं. १९६० च्या निवडणुकीत केनेडी सांगत होते की क्षेपणास्त्रांत रशिया आपल्या फार पुढे गेलाय. त्याच्या तीन वर्षं आधी स्पुटनिक डोक्यावरून फिरून गेला होता, लोकांना ते पटलं. केनेडी निवडून आले. मग १९६१ मध्ये उपग्रहांचे फोटो नीट वाचून झाले तेव्हा कळलं की रशियाकडे अमेरिकेपर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रं मूठभरच आहेत, पुढे आहे तो अमेरिकाच. तोवर अमेरिकेचे कारखाने हजाराच्या हिशोबाने कामाला लागले होते. रशियाने त्यांचे तीस बघितले आणि चाळीसच्या मागे लागला. १९६१ म्हणजे आपल्याकडे पानशेतचं साल. १२ जुलैला धरण फुटलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आमच्या घरात भिंतीवर पाण्याची रेघ दिवाळीपर्यंत ओली होती. त्याच ३० ऑक्टोबरला रशियाने नोवाया झेम्ल्या बेटावर सुमारे पन्नास मेगाटनांचा बाँब उडवून दाखवला. हिरोशिमाच्या तीन हजार पटींहून मोठा. युद्धात त्याचा तसा उपयोग नव्हता, विमानाच्या पोटात तो धड मावतही नव्हता. नुसती भिंत. त्यावर काम केलेले साखारोव पुढे शस्त्रांविरुद्ध बोलायला लागले आणि १९७५ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. संहितेत हा बाँब आहे, साखारोव नाहीत. त्यांना दोन वाक्यं द्या.

आता पुढचं. २०१६ मध्ये दोन्ही अध्यक्ष अमृततुल्यात बसले आणि ठरलं, दोघांचे बारा बारा बॉक्स, जास्त नाही. पण विश्वास कोण ठेवणार? म्हणून मिरवणुकीच्या आदल्या रात्री आपली दोन पोरं त्यांच्या ट्रेलरवर आणि त्यांची दोन आपल्या. ताडपत्री उचलायची, बॉक्स मोजायचे, खाली उतरायचं, चहा प्यायचा. एवढ्याने तीन वर्षं शांततेत गेली. पोरांची दोस्तीही झाली, हे वरकड.

अगदी हेच अमेरिका आणि रशियाने केलं. २०१० साली प्राग शहरात सही झालेल्या 'न्यू स्टार्ट' कराराची पाटी अशी होती: तैनात अण्वस्त्रं प्रत्येकी १५५०, ती नेणारी तैनात क्षेपणास्त्रं आणि बाँबर विमानं प्रत्येकी ७००. आणि ताडपत्री उचलायची सोयही होती. दरवर्षी जास्तीत जास्त अठरा वेळा एकाचे तपासनीस दुसऱ्याच्या तळावर जाऊन क्षेपणास्त्राच्या टोकावर किती अस्त्रं बसवलीत ते मोजत. ज्यांनी एकमेकांना जाळायची तयारी ठेवलीय त्यांचीच माणसं एकमेकांच्या आवारात जाऊन मोजणी करत होती. तुमच्या देखाव्यात धूर आणि गर्जना आहे, पण हा प्रसंग नाही. दोन कोटवाले, मधे ताडपत्री, एक वाकून मोजतोय आणि दुसरा वैतागून घड्याळ बघतोय. करून बघा, हशा आणि टाळ्या दोन्ही येतील.

आपला समझोता का मोडला तेही आठवा. बॉक्स बाराच राहिले, पण पलीकडच्यांनी लेझर आणला. विचारलं तर म्हणाले, लेझरचं कुठे ठरलं होतं? बरोबर होतं त्यांचं. १९७२ मध्ये अमेरिका-रशियाचा पहिला मोठा करार झाला तेव्हा क्षेपणास्त्रं किती ठेवायची त्याला लगाम घातला, पण एका क्षेपणास्त्रावर अण्वस्त्रांची किती टोकं बसवायची याचं काही ठरवलं नाही. अमेरिकेने १९७० पासूनच एका क्षेपणास्त्रावर तीन टोकं बसवायला सुरुवात केली होती. रशियानेही गाठलं. ट्रेलर तेवढेच, आवाज तिप्पट. जगातली अण्वस्त्रं १९८६ च्या सुमाराला सत्तर हजारांच्या घरात पोचली.

ती आज साधारण बारा हजारांवर आहेत. हे आपोआप झालं नाही, आणि कुणाला उपरती झाली म्हणूनही नाही. १९८७ च्या करारात मध्यम पल्ल्याची २६९२ क्षेपणास्त्रं दोघांनी मिळून मोडीत काढली. मग १९९३ मध्ये आणखी एक व्यवहार झाला, जो मला सगळ्यांत आवडतो. रशियाच्या सुमारे वीस हजार अण्वस्त्रांतलं पाचशे टन युरेनियम पातळ करून अमेरिकेने वीज केंद्रांसाठी विकत घेतलं. वीस वर्षं ते चाललं. त्या काळात अमेरिकेतल्या दर दहा दिव्यांपैकी एक, ढोबळ हिशोबाने, तिच्याच शहरांवर रोखलेल्या बाँबच्या मालावर जळत होता. शेवटची खेप २०१३ च्या डिसेंबरात पोचली. शेवटी बाप्पावर जो प्रकाशझोत टाकणार आहात ना, त्याच्या आधी हे एक वाक्य निवेदकाला द्या.

आणि आता पाट्या उतरल्यात. १९८७ चा करार २०१९ मध्ये गेला. न्यू स्टार्टची मोजणी करोनात २०२० ला थांबली ती परत सुरूच झाली नाही. युक्रेन युद्ध चालू असताना २०२३ मध्ये रशियाने करारातला आपला सहभाग स्थगित केला. मुदत एकदाच वाढवायची सोय होती, ती २०२१ मध्ये वापरून झाली होती, आणि ५ फेब्रुवारी २०२६ ला मुदत संपली. पन्नासहून अधिक वर्षांत त्या दोघांच्या दारावर कोणती ना कोणती पाटी असायची. चीनच्या दारावर तर कधी लागलीच नाही. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२५ च्या अंदाजाने त्यांच्याकडे सहाशेच्या आसपास आहेत आणि वेगाने वाढतायत. बीजिंग म्हणतं, तुम्ही दोघे हजारांत, मग आम्ही कशाला सही करू? वॉशिंग्टन म्हणतं, तिसरा मोकाट असताना आम्ही दोघांनीच का बांधून घ्यायचं? खोलीत पाचवा माणूस शिरलाय आणि आतले चौघे हात थांबवायच्या ऐवजी सहाव्याला हाक मारतायत.

ढालीबद्दलही थोडं सांगतो, कारण संहितेत 'अमेरिका अभेद्य कवच उभारते' असं कौतुकाने लिहिलंय. कवच ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण समोरच्याला त्यातून काय दिसतं? हा आता मारून वर सुरक्षित राहणार. म्हणून १९७२ मध्ये दोघांनी कवचावरही मर्यादा घातली होती. २००२ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. २०१८ मध्ये पुतिन यांनी अणुइंधनावर उडणारं क्षेपणास्त्र आणि पाण्याखालचं अणुअस्त्र यांची घोषणा केली तेव्हा कारण म्हणून त्याच निर्णयाकडे बोट दाखवलं. २०२५ मध्ये अमेरिकेने 'गोल्डन डोम' नावाचं नवं कवच जाहीर केलं. पुढच्या अंकात काय येणार ते सांगायला ज्योतिषी नको.

आता ज्या माणसासाठी मी हे पत्र लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. स्तानिस्लाव पेत्रोव. रशियन लष्करात लेफ्टनंट कर्नल, वय ४४. २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, मॉस्कोच्या दक्षिणेला जमिनीखालचा बंकर. तीनच आठवड्यांपूर्वी रशियाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली होती, वातावरण तापलेलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, भोंगा वाजला: अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग दुसरं, तिसरं, पाचापर्यंत. तिकडून इकडे यायला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासात आपली मिरवणूक बेलबाग चौकातून हलतही नाही. पेत्रोवांचं काम वर कळवणं. बाकीचं वरचे बघणार.

त्यांनी वर सांगितलं की यंत्रणेत बिघाड आहे. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. हिशोब होता. युद्ध सुरू करायचं तर कुणी पाचच कशाला सोडेल? उपग्रहांची यंत्रणा नवी आहे, जमिनीवरच्या रडारला काही दिसत नाहीये. मग ते वाट बघत बसले. पंधरा-वीस मिनिटं. काही पडलं नाही. उंचावरच्या ढगांवरून परतलेलं ऊन उपग्रहाने आगीचा लोळ समजून घेतलं होतं, असं नंतर निघालं. आणि पेत्रोवांना काय मिळालं माहितीय? त्या गडबडीत लॉगबुक भरलं नाही म्हणून बोलणी. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. ज्याने कधी शिफ्टची वही भरलीय त्यालाच ते कळेल.

हा प्रसंग करायला तुम्हाला एक टेबल, एक लाल दिवा आणि एक गप्प बसता येणारा मुलगा लागेल. शेवटची अट अवघड आहे, पण ओंकारेश्वराजवळचा तो नाटकवाला मुलगा जमवेल. दोन मिनिटं त्याने नुसतं बसायचं. पार्श्वसंगीत नको. कृपा करून नको.

आपण या सगळ्याच्या बाहेर आहोत असं समजू नका. ९ मार्च २०२२ ला आपलंच एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यावर दारू नव्हती, कुणी मेलं नाही. चौकशी झाली, तीन अधिकाऱ्यांना काढलं. आपण चूक कबूल केली आणि पलीकडच्यांनी उलट काही सोडलं नाही. त्या दिवशी तिकडे कुणीतरी पेत्रोवांसारखं वाट बघत बसलं असणार. क्षेपणास्त्र चाचणीची आधी खबर द्यायची असा दोघांमध्ये २००५ पासून करार आहे, पण तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता. हे क्रूझ होतं. लेझरचं कुठे ठरलं होतं, तसंच.

आणि आपल्याही दारावर एक जुनी पाटी आहे, ती तुमच्यातल्या एकालाही माहीत नव्हती. मी त्या दोघांना विचारलं. १९८८ च्या शेवटच्या दिवशी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांची यादी देतात. कारगिलनंतरही दिली, पुलवामानंतरही दिली. वर्षाच्या पहिल्या दिवशी, आपण कॅलेंडर बदलत असतो तेव्हा, एक पाकीट इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे जातं. क्षेपणास्त्र वर सरकवण्याआधी हे पाकीट दाखवाल का? अभिमान कमी होणार नाही याची हमी मी घेतो. अण्वस्त्राचा पहिला वार आपण करणार नाही, हे २००३ पासूनचं अधिकृत धोरणही सांगा. तो आपण स्वतःच लावलेला आकडा आहे.

तर संहितेत माझ्याकडून एवढं. कोटवाल्यांचं ओरडणं दीड मिनिटावर आणा. चीनच्या माणसाचे ते डोळे बारीक करणं काढून टाका, शोभत नाही, आणि पेठेत बीजिंगला शिकून आलेली एक मुलगी आहे, ती बघायला येणार. हिरोशिमाच्या वेळी रडण्याचा आवाज नको, पाच सेकंद अंधार पुरे. क्षेपणास्त्र चौदा फुटी ठेवा, मला त्याचं काही नाही, फक्त धुराची कांडी मांडवाच्या कापडापासून निदान सहा फूट लांब आणि शेजारी वाळूची बादली. ही सूचना मात्र ऐच्छिक नाही.

आणि रंगमंचाच्या डाव्या बाजूला, दाराच्या चौकटीशेजारी, एक पाटी. दोन आकडे. वर 'अस्त्रं', खाली 'माणसं'. देखावा सुरू होताना आकडे असतील, शेवटी कुणीतरी येऊन ते पुसून जाईल. त्यावर निवेदकाने काही बोलू नये. पाटी मी रंगवून देतो, माझं अक्षर अजून ठीक आहे. फक्त माप कळवा आणि प्लायवूड तुमचं.

ता. क. पलीकडच्या आळीत यंदा परत भिंत येणार असं ऐकतो. बातमी आणणाऱ्याला आधी विचारा, किती बॉक्स डोळ्यांनी बघितलेस? आणि पूर्वीसारखी दोन पोरं पाठवायचं ठरलं तर मलाही हाक मारा. गुडघ्यांमुळे ट्रेलरवर चढणं होणार नाही, पण ताडपत्रीचं एक टोक धरीन आणि खालून मोजीन.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचे काका